नकाशाखाली तारीख छापा, स्रोत छापा

संपादक महोदय,

वादळाचा मार्ग, वणवा, पूर, बंदराबाहेर खोळंबलेली जहाजे, विमानाची शेवटची नोंद. बातमी कोणतीही असो, तिच्या शेजारी आता नकाशा असतो. यातले बरेच नकाशे ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या आणि कुणालाही फुकट वापरता येणाऱ्या साधनांतून घेतलेले असतात. साधन कोणते, त्यातली माहिती कोणत्या दिवसाची आणि ती किती बारकाईने मोजलेली, याचा उल्लेख मात्र क्वचितच सापडतो. आम्ही रोज नकाशांवर काम करणारी माणसे आहोत. या तीन गोष्टी प्रत्येक नकाशाखाली छापाव्यात, अशी आमची आपल्याकडे मागणी आहे. वाचकांनाही एक विनंती आहे. छापलेल्या नकाशावर न थांबता त्याच साधनात जाऊन तो स्वतः हलवून पाहावा. त्यात मजा काय आहे, उपयोग काय आहे आणि पाय कुठे घसरतो, हे नीट सांगायचे तर जागा जरा जास्त लागेल, ती द्यावी.

जगाच्या नकाशापासूनच सुरुवात करू. मोबाइलवर दिसणारे बहुतेक ऑनलाइन नकाशे मर्केटर प्रक्षेपणाच्या (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याच्या एका रीतीच्या) वेब आवृत्तीवर बेतलेले असतात. नकाशाकार मर्केटरने ते १५६९ साली दर्यावर्दी लोकांसाठी तयार केले. त्यात कोन बिघडत नाहीत. काटकोनात मिळणारे रस्ते काटकोनातच दिसतात, म्हणून गल्लीबोळ शोधायला ते उत्तम. किंमत मोजावी लागते ती क्षेत्रफळात. ६० अक्षांशावर लांबी आणि रुंदी दोन्ही दुप्पट दिसतात, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ध्रुवापाशी हा ताण अनंत होतो, म्हणून हे नकाशे ८५ अंशांच्या जरासे पुढे सरळ कापलेले असतात. ग्रीनलंड आफ्रिकेएवढे वाटते. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या जवळजवळ १४ पट आहे. हे वाचून पटत नाही, ओढून पाहिले की पटते. ‘द ट्रू साइज’ हे संकेतस्थळ त्यासाठीच आहे. शोधचौकटीत देशाचे नाव इंग्रजीत लिहायचे, देश रंगून येतो, मग तो धरून ओढायचा. ग्रीनलंड खाली विषुववृत्ताकडे आणताना डोळ्यांदेखत आक्रसत जाते. कोपऱ्यातल्या होकायंत्राने देश फिरवताही येतो. सातवी-आठवीच्या भूगोलाच्या तासाला हे दहा मिनिटे दाखवले, तर ‘प्रक्षेपण’ या प्रकरणाची निम्मी घोकंपट्टी वाचेल.

बातमीसाठी यातून निघणारा मुद्दा साधा आहे. वेगवेगळ्या अक्षांशांवरच्या दोन प्रदेशांच्या आकारांची तुलना या नकाशावर करू नये. दोन खंडांमधल्या विमानमार्गासाठी त्यावर पट्टीने सरळ रेघही मारू नये. पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग या नकाशावर कमानीसारखा वाकलेला दिसतो. विमान वळसा घेते आहे असे वाटते, पण ते जवळच्याच वाटेने चाललेले असते. गुगल मॅप्स संगणकावर पूर्ण लहान केला की २०१८ पासून गोल दिसतो. त्यावर अंतर मोजले की हा घोळ होत नाही.

आता हा नकाशा बोटाखाली इतका सहज सरकतो कसा? जगाचा नकाशा २५६ गुणिले २५६ पिक्सेलच्या चौकोनी तुकड्यांत कापून ठेवलेला असतो आणि पडद्यावर जेवढे तुकडे मावतात तेवढेच मागवून गोधडीसारखे जोडले जातात. झूम शून्यावर सगळे जग एका तुकड्यात. पुढच्या प्रत्येक पायरीला तुकडे चौपट. अठराव्या पायरीला ही संख्या ६,८०० कोटींच्या वर जाते आणि विषुववृत्तावर एक पिक्सेल साधारण ६० सेंटिमीटरचा होतो. हल्ली चित्राच्या तुकड्यांऐवजी रेषा आणि बिंदूंचे तुकडे पाठवण्याची पद्धत रुळली आहे, पण कापाकापीचे तत्त्व तेच. हे सांगण्याचे कारण असे की मूळ माहिती जितकी बारीक असेल तिच्यापलीकडे झूम करत गेलात तरी साधन अडवत नाही, फक्त तेच चित्र ताणून दाखवते. १० मीटरच्या पिक्सेलवर घर शोधणारे लोक इथेच फसतात. झूम वाढला म्हणजे माहिती वाढली असे होत नाही.

गुगल मॅप्स फेब्रुवारी २००५ मध्ये आले आणि त्याच वर्षी पॉल रॅडमाकर या प्रोग्रॅमरने भाड्याच्या घरांच्या जाहिराती त्यावर पिनांच्या रूपात मांडून दाखवल्या. गुगलने तशी अधिकृत सोय देण्याच्या आधीच. दुसऱ्याच्या नकाशावर आपली माहिती चढवण्याची लाट तिथून उसळली. २०११ मध्ये व्होलोदिमिर अगाफोंकिन या युक्रेनियन प्रोग्रॅमरने ‘लीफलेट’ ही छोटी मुक्त लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, दिली आणि नकाशा संकेतस्थळावर बसवणे चार-पाच ओळींचे काम होऊन गेले. आज जी शेकडो साधने दिसतात त्यांच्या पोटात बहुधा हीच किंवा हिच्यासारखी एखादी लायब्ररी असते.

निव्वळ मजेची साधनेही कमी नाहीत आणि त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. ‘रिव्हर रनर’ मध्ये नकाशावर कुठेही टिचकी मारायची. तिथे पडलेला पावसाचा थेंब कोणत्या ओढ्यातून कोणत्या नदीत आणि शेवटी कोणत्या समुद्रात जातो, हे कॅमेरा दरीतून उडत जावा तसे दिसते. सॅम लर्नर यांनी २०२१ मध्ये ते आधी अमेरिकेपुरते केले, मग जगभरासाठी. यातली खरी गंमत जलविभाजकावर आहे. डोंगरधारेच्या अलीकडे एक टिचकी आणि पलीकडे एक. दोन थेंब दोन वेगळ्या समुद्रांना मिळतात. धार नेमकी कुठे आहे हे टिचक्या मारत मारत मुले स्वतः शोधून काढतात. मात्र मार्ग उंचीच्या आकड्यांवरून काढलेला असतो. धरणातून कालव्यात वळवलेले पाणी, बोगद्यातून दुसऱ्या खोऱ्यात नेलेले पाणी, वाळवंटात जिरून जाणारी नदी यांबाबत त्याच्यावर विसंबू नये.

पृथ्वीच्या बरोबर उलट बाजूला काय आहे, हे दाखवणारी ‘अँटिपोड’ नकाशांची साधने तर हिशेबासाठीच वापरावीत. अक्षांशाचे उत्तर-दक्षिण बदलायचे, रेखांश १८० मधून वजा करून पूर्व-पश्चिम बदलायचे. आधी कागदावर उत्तर काढायचे, मग नकाशावर ताडायचे. बहुतेक ठिकाणांच्या पाठीशी समुद्रच निघतो; स्पेन आणि न्यूझीलंड ही एकमेकांच्या पाठीला पाठ लावून असलेली ठळक जोडी. ‘रेडिओ गार्डन’ मध्ये गोल फिरवून हिरव्या ठिपक्यावर आणला की त्या गावचे रेडिओ केंद्र लागते. ‘जिओगेसर’ हा २०१३ पासूनचा स्वीडिश खेळ रस्त्यावरच्या एका चित्रावरून ठिकाण ओळखायला लावतो. सावली कोणत्या दिशेला पडते (दुपारी दक्षिणेकडे पडत असेल तर दक्षिण गोलार्धाची शक्यता मोठी), गाड्या रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालतात, पाटीवरची लिपी, विजेच्या खांबाची घडण, मातीचा रंग. निरीक्षणाची इतकी चांगली शाळा दुसरीकडे मिळणे कठीण.

वाऱ्याच्या नकाशाबद्दल जरा थांबून बोलले पाहिजे, कारण वादळाच्या बातम्यांत तो सर्रास येतो. कॅमेरॉन बेकारियो यांचा ‘अर्थ नलस्कूल’ हा गोल २०१३ पासून चालू आहे. वाऱ्याच्या वाहत्या रेषा इतक्या देखण्या दिसतात की पाहणाऱ्याला तो आत्ताचा थेट देखावा वाटतो. तसा तो नसतो. महासंगणकावर चालवलेल्या हवामान प्रारूपाचा तो अंदाज आहे आणि दर तीन तासांच्या टप्प्याने पुढे सरकतो. डाव्या खालच्या कोपऱ्यातला ‘अर्थ’ हा शब्द दाबला की यादी उघडते. तिथे तारीख, वेळ आणि कोणत्या प्रारूपाची माहिती आहे हे लिहिलेले असते. उंचीही तिथेच निवडता येते. २५० हेक्टोपास्कल (हवेच्या दाबावरून सांगितलेली उंची) निवडले तर सुमारे साडेदहा किलोमीटर उंचीवरचे वारे दिसतात, जिथून जेट प्रवाह वाहतो. असे चित्र उचलून ‘जमिनीवर ताशी २०० किलोमीटरचे वारे’ म्हणून खपवले जाऊ शकते. नकाशाखाली उंची आणि वेळ छापली असती तर ही चूक छापण्यापूर्वीच कुणाच्या तरी लक्षात आली असती. वेळ छापताना ती जागतिक प्रमाणवेळेची (यूटीसी) की स्थानिक, हेही हवे.

आता सर्वांत उपयोगाचे काम: स्वतःचा नकाशा तयार करणे. मंडळाच्या शाखा, तुटलेले फलक, सार्वजनिक पाणपोया, पक्ष्यांच्या नोंदी, एखाद्या लेखकाच्या आयुष्यातली ठिकाणे, काहीही चालेल. ‘गुगल माय मॅप्स’ किंवा ‘यूमॅप’ यापैकी एक घ्यावे. माय मॅप्समध्ये एका नकाशात १० लेअर (माहितीचे थर) आणि आयात करताना एका लेअरला २,००० ओळी, एवढी मर्यादा आहे. साध्या कामाला ती पुरून उरते. यूमॅप हे ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच भरलेल्या मुक्त नकाशावर चालते आणि खाते न उघडताही नकाशा करू देते. पण तेव्हा संपादनासाठी एक गुप्त दुवा मिळतो. तो जपून ठेवला नाही तर आपल्याच नकाशाला आपल्याला हात लावता येत नाही.

आधी एक्सेलसारख्या तक्त्यात चार रकाने करावेत: नाव, अक्षांश, रेखांश, टीप. अक्षांश-रेखांश मिळवायला नकाशावर जागेवर उजवी टिचकी मारावी (मोबाइलवर बोट दाबून धरावे), दोन आकडे येतात, ते कॉपी करावेत. पहिला अक्षांश असतो. दशांशचिन्हानंतर पाच अंक ठेवावेत. पाचवा अंक साधारण एक मीटरचा, चौथा अकरा मीटरचा. सात-आठ अंक लिहिल्याने अचूकता येत नाही, कारण मोकळ्या आकाशाखालीही मोबाइलचा जीपीएस साधारण पाच मीटर इकडेतिकडे असतो आणि उंच इमारतींमध्ये त्याहून बराच जास्त. मग तक्ता सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे करणारी साधी फाइल) म्हणून साठवावा, साधनात आयात करावा, अक्षांश-रेखांशाचे रकाने कोणते आणि नावाचा रकाना कोणता हे विचारले की दाखवावे. झाला नकाशा.

न झाल्यास कारण बहुधा पुढच्यांपैकी एक असते. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे किंवा अगम्य अक्षरे आली, तर फाइल युनिकोडमध्ये साठवलेली नाही; एक्सेलमध्ये साठवताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडावा. आकडे देवनागरीत लिहिले असतील तर साधन त्यांना आकडे मानतच नाही. अक्षांश-रेखांशाचे दोन रकाने इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) हवेत. पिना भलत्याच खंडात किंवा समुद्रात पडल्या, तर अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली आहे. ही अदलाबदल फार होते, कारण माणसे अक्षांश आधी सांगतात, पण जिओजेसन या सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइलप्रकारात रेखांश आधी लिहावा लागतो. सगळ्या पिना आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकावर एक पडल्या, तर रकाने रिकामे राहून शून्य-शून्य धरले गेले आहे. नकाशावाले त्या जागेला ‘नल आयलंड’ म्हणतात. तिथे बेट नाही, जगभरच्या अर्धवट तक्त्यांच्या पिना मात्र तिथे जमतात.

आणखी एक चूक आहे, ती दिसत नाही म्हणून जास्त वाईट. अंश-मिनिटे आणि दशांश यांची गल्लत. ३० अंश ३० मिनिटे म्हणजे ३०.५, पण लिहिताना हात ३०.३० लिहून जातो. अंतर ०.२ अंश, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. पिन योग्य देशात, योग्य जिल्ह्याच्या आसपास पडते, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. जुन्या अहवालांतून आकडे उतरवताना हे हमखास तपासावे. तशीच गोष्ट पत्त्यांवरून आपोआप जागा शोधण्याची. एकाच नावाची गावे अनेक असतात आणि साधन त्यातले एक निवडून गप्प बसते. ज्या पत्त्याचे घर त्याला सापडत नाही त्याची पिन ते गावाच्या मध्यभागी टाकते. म्हणून आयातीनंतर दहा-बारा पिना उघडून उपग्रहचित्रावर पडताळाव्यात आणि मगच दुवा वाटावा. पिना फार असतील तर यूमॅपमध्ये लेअरचा प्रकार ‘क्लस्टर’ ठेवावा, जवळच्या पिना एका आकड्यात गोळा होतात. उष्णतेच्या पट्ट्यासारखा ‘हीटमॅप’ दिसायला छान असतो, पण त्याची त्रिज्या बदलली की चित्रच बदलते, तेव्हा त्यावरून निष्कर्ष काढू नयेत.

पत्ता नसलेल्या जागा कळवायला ‘प्लस कोड’ वापरावेत. नकाशावर पिन दाबून धरली की तो खाली दिसतो. दहा चिन्हांचा कोड साधारण १४ मीटरचा चौकोन दाखवतो, अकरावे चिन्ह जोडले की तीनेक मीटरचा. स्वर त्यात वापरलेलेच नाहीत, म्हणून चुकूनही शब्द तयार होत नाही, आणि शून्य-ओ, एक-आय असे एकसारखे दिसणारे घोळही नाहीत. गणित खुले असल्याने इंटरनेट नसतानाही मोबाइल तो काढू शकतो. रुग्णवाहिकेला जागा सांगताना ‘देवळामागे, मग डावीकडे’ याच्या जोडीला हा कोड दिला तर मिनिटे वाचतात.

उपग्रहचित्रांत तारखेचा प्रश्न सर्वांत तीव्र आहे. गुगल मॅप्सचा उपग्रह देखावा वेगवेगळ्या दिवशी टिपलेल्या चित्रांचा जोडलेला असतो. शेजारच्या दोन गल्ल्यांच्या चित्रांत दोन-तीन वर्षांचे अंतर असू शकते. ‘बांधकाम अजून सुरू झालेले नाही’ असे त्यावरून म्हणणे धोक्याचे. जुनी चित्रे पाहण्यासाठी एसरी कंपनीचे ‘वेबॅक’ आहे, २०१४ पासूनच्या आवृत्त्या त्यात आहेत. बाजूच्या यादीतली तारीख आवृत्ती प्रसिद्ध झाल्याची असते, चित्र टिपल्याची नव्हे. नकाशावर टिचकी मारली की चौकटीत खरी टिपल्याची तारीख आणि बारकाई दिसते. पाहणीच्या जागेत ज्या आवृत्त्यांमध्ये खरेच बदल झाला तेवढ्याच दाखवण्याचा पर्यायही आहे, तो निवडला की यादी आटोपशीर होते. गुगल अर्थचा ‘टाइमलॅप्स’ १९८४ पासूनचे बदल दाखवतो. आटणारी सरोवरे, पसरणारी शहरे त्यात थक्क करतात. पण प्रत्येक वर्षाचे चित्र अनेक चित्रांतून ढग वगळून बनवलेले असते, म्हणून आठवडाभर राहिलेला पूर त्यात शोधू नये.

ताजे हवे असेल तर युरोपचा ‘कोपर्निकस ब्राउझर’ उघडावा. सेंटिनेल-२ उपग्रहांची जोडी विषुववृत्तावरच्या जागेवरूनही दर पाच दिवसांनी जाते, पिक्सेल १० मीटरचा. जागा शोधायची, ढगांची मर्यादा सरकपट्टीने वीस टक्क्यांवर आणायची, दिनदर्शिकेतून दिवस निवडायचा. नुसत्या खऱ्या रंगांत न पाहता ‘फॉल्स कलर’ निवडावे. त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘जवळच्या अवरक्त’ प्रकाशाला लाल रंग दिलेला असतो, आणि हिरवी पाने तो प्रकाश जोरात परावर्तित करतात, म्हणून जिवंत झाडोरा लालभडक, पाणी काळपट आणि उघडी जमीन करडी दिसते. जळलेला डोंगर लगेच डोळ्यांत भरतो. पुराच्या दिवसांत मात्र आकाश ढगांनी भरलेले असते आणि हे उपग्रह ढगांआड पाहू शकत नाहीत. तेव्हा सेंटिनेल-१ चे रडारचित्र घ्यावे. त्यात शांत पाणी काळे दिसते, कारण सपाट पृष्ठभाग रडारचा झोत पलीकडे फेकून देतो. वारा सुटून लाटा उठल्या की तेच पाणी उजळ होते आणि पूर कमी असल्याचा भास होतो.

नासाच्या ‘फर्म्स’ या आगींच्या नकाशाचेही असेच. उपग्रह वरून गेल्यावर साधारण तीन तासांत लाल ठिपके येतात, हे त्याचे मोठे बळ. ठिपका म्हणजे ३७५ मीटर किंवा एक किलोमीटरच्या पिक्सेलचा मध्य असतो. आग त्या चौकोनात कुठेही असू शकते आणि खूप लहानही असू शकते. तेल शुद्धीकरणाच्या ज्वाला, भट्ट्याही ठिपके उमटवतात. नकाशा लहान केला की ठिपके पडद्यावर तेवढेच राहतात आणि एकमेकांना चिकटून सगळा प्रदेश पेटल्यासारखा दिसतो. असे चित्र पहिल्या पानावर गेले की घबराट पसरते.

समुद्राची पातळी वाढली तर काय बुडेल, हे दाखवणाऱ्या नकाशांतही उंचीची माहिती कुठली हे पाहावे. अनेक साधने फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ११ दिवसांत केलेल्या रडार मोजणीवर उभी आहेत. ती मोजणी झाडांचे शेंडे आणि छपरे धरून आलेली असल्यामुळे किनाऱ्याची जमीन आहे त्यापेक्षा उंच भासते. उलट बाजूने, सोपी साधने दिलेल्या उंचीखालचे सगळे निळे रंगवतात. मध्ये बांध आहे का, पाणी तिथवर पोचायला वाट आहे का, हे पाहत नाहीत. एका मीटरचा फरक सांगायला ही माहिती पुरेशी नाही. क्लायमेट सेंट्रल या संस्थेने हा दोष बराचसा दुरुस्त केलेला नकाशा दिला आहे, किनारपट्टीच्या बातम्यांसाठी तो घ्यावा.

विमानांच्या आणि जहाजांच्या थेट नकाशांबद्दल थोडक्यात. ‘फ्लाइटरडार२४’ जमिनीवरच्या स्वयंसेवकांच्या अँटेनांवर चालते, एका अँटेनाची पोच २५० ते ४५० किलोमीटर. महासागरावर विमान ‘दिसेनासे होणे’ हे बहुतेक वेळा अँटेना नसण्याचे लक्षण असते, अपघाताचे नव्हे. पुढचे ठिकाण साधन अंदाजाने रंगवते. जहाजांच्या नकाशात लहान होड्या दिसत नाहीत, कारण आपले ठिकाण प्रसारित करणारे यंत्र मुख्यतः मोठ्या मालवाहू जहाजांना आणि प्रवासी जहाजांना सक्तीचे आहे. संघर्षाच्या भागात जीपीएस संकेत बिघडवले जातात, तेव्हा जहाजे जमिनीवर गोल फिरताना दिसतात.

यातल्या अनेक साधनांचा पाया ज्याच्यावर आहे तो ओपनस्ट्रीटमॅप २००४ मध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी ब्रिटनमध्ये सुरू केला आणि आजही तो लोकच भरतात. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे रस्ते जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत रेखाटले आणि मदतपथके तोच नकाशा घेऊन फिरली. ‘ओव्हरपास टर्बो’ या साधनात ‘विझार्ड’ दाबून इंग्रजीत ‘ड्रिंकिंग वॉटर’ लिहिले की पडद्यावरच्या भागातल्या पिण्याच्या पाण्याच्या सगळ्या नोंदी नकाशावर येतात, आणि ‘एक्सपोर्ट’ने त्या फाइल म्हणून उतरवता येतात. पडद्यावर अख्खा देश ठेवून प्रश्न विचारला तर तो मुदतीत संपत नाही, आधी झूम करावे. आलेले उत्तर ‘किती पाणपोया आहेत’ याचे नसते, ‘किती नोंदवल्या आहेत’ याचे असते.

इथे मराठी वाचकांना करण्यासारखे मोठे काम आहे. खाते उघडून ‘एडिट’ दाबावे, जागा निवडावी, नावाच्या रकान्याशेजारचे अधिकचे चिन्ह दाबून भाषा मराठी निवडावी आणि देवनागरीत नाव लिहावे. मूळ नावाचा रकाना पुसू नये. गुगल मॅप्सवरून काहीही उतरवू नये, परवान्यात ते बसत नाही आणि अशी भर मागे घेतली जाते. स्वतःला ठाऊक असलेले किंवा पाटीवर वाचलेले नावच घालावे. साठवल्यावर बदल लगेच दिसला नाही तर ब्राउझरने जुने तुकडे साठवून ठेवलेले असतात, पान सक्तीने ताजे करावे. या नकाशावरची इतर ॲप्स माहिती काही आठवड्यांनीही उचलतात.

नकाशा वाटताना एक काळजी घ्यावीच. धावण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या ॲपचा जागतिक हीटमॅप नोव्हेंबर २०१७ मध्ये आला आणि जानेवारी २०१८ मध्ये लोकांच्या लक्षात आले की ओसाड प्रदेशांत लष्करी तळांभोवतीच्या फेऱ्यांच्या रेघा त्यात उजळल्या आहेत. त्यात कुणाचेही नाव नव्हते, तरी ठिकाणे कळली. दुर्मीळ पक्ष्याचे घरटे, एकट्या राहणाऱ्या व्यक्तीचे घर, रुग्णांचे पत्ते यांच्या पिना सार्वजनिक नकाशावर टाकू नयेत. टाकायच्याच असतील तर दशांशाचे दोनच अंक ठेवावेत, म्हणजे जागा किलोमीटरभर धूसर होते.

आता आपल्याकडची मागणी नेमक्या शब्दांत. प्रत्येक नकाशाखाली एक ओळ असावी: साधनाचे नाव, माहिती देणारी संस्था, माहिती टिपल्याचा दिवस आणि वेळ, आणि पिक्सेल किंवा बिंदू किती मीटरचा. अंदाज असेल तर ‘अंदाज’ हा शब्द. ओपनस्ट्रीटमॅप वापरला असेल तर त्याच्या योगदात्यांचा उल्लेख करणे परवान्यानेच बंधनकारक आहे, आणि पडद्याचे छायाचित्र घेताना कोपऱ्यातला तो उल्लेख कापला जातो. तो पुन्हा घालावा. ऑनलाइन आवृत्तीत चित्राऐवजी त्याच जागेवर, त्याच झूमवर उघडणारा दुवा द्यावा. बहुतेक साधनांत ब्राउझरच्या पत्त्याच्या ओळीतच अक्षांश, रेखांश आणि झूम लिहिलेले असतात, ती ओळ कॉपी केली की काम होते. छापील अंकात त्याच दुव्याचा क्यूआर कोड नकाशाच्या कोपऱ्यात दोन सेंटिमीटरच्या चौकोनात मावतो.

आपले,
नकाशांवर काम करणारे काही वाचक